पाय मोडायचं बटण

सोसायटीच्या सभेचा वृत्तांत लिहायचं काम गेली तीन वर्षं माझ्या गळ्यात आहे. मागच्या महिन्यात तो ग्रुपवर टाकला आणि दहा मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. "अगं, टाकीचं काम पूर्ण? मग माझ्या भिंतीवरून ओघळतंय ते काय?"

उघडून पाहिलं. खरंच, ‘काम पूर्ण आहे’. मी ‘अपूर्ण’ लिहिलं होतं, शपथ. पण ‘पूर्ण’ हाही शब्दच, त्यामुळे खाली लाल रेघसुद्धा आली नव्हती.

मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्टने टाइप करते. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रमाण ठरवलेली ही कीबोर्डची मांडणी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. तिच्यात डी या इंग्रजी अक्षराच्या बटणावर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर करणारी खूण आहे, आणि शिफ्ट धरून तेच दाबलं की ‘अ’. हे बटण दोन दिवस कधी लागत होतं, कधी नाही. त्या संध्याकाळी ते कायमचंच बसलं. मग पडद्यावर उमटायला लागलं, ‘महणजे’, ‘पुणयात’, ‘सवयंपाक’. जोडाक्षरं अजून शिकायची राहिलेल्या पोराची वहीच. गंमत म्हणजे ‘प्रकाश’ शाबूत, ‘धर्म’ शाबूत. रकार, रफार आणि क्ष, ज्ञ, त्र, श्र ही मंडळी आकड्यांच्या रांगेत शिफ्टखाली स्वतंत्र बिऱ्हाड करून राहतात. म्हणून तर ‘पूर्ण’चा रफार इतका नीटनेटका आला होता! काही अक्षरांना पाय मोडायला कुणाची मदत लागत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"आई, रीस्टार्ट कर," लेक आतूनच ओरडला. केलं. काही नाही. मग त्याला विंडोजमधल्या ‘फिल्टर कीज’ या सोयीचा संशय आला, आणि तो रास्त होता. वाक्य सुचेपर्यंत उजव्या शिफ्टवर करंगळी ठेवून बसायची मला खोड आहे. आठ सेकंद तो दाबलेला राहिला की ही सोय चालू करू का, असं विंडोज विचारतं; न वाचता एंटर मारला की संपलं, मग अलगद मारलेलं अक्षर उमटतच नाही. पण तसं असतं तर सगळीच बटणं रुसली असती.

शेवटी त्याने पडद्यावरचा कीबोर्ड उघडून दिला; विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबायचे. त्यातल्या त्याच बटणावर माउसने टिचकी मारली तर हलन्त झोकात उमटलं. म्हणजे भाषा ठणठणीत, आजारी होतं ते बटणच.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार. दुकानातल्या पोराने आधी विचारलं, "चहा सांडलाय का?" डॉक्टरसमोर पथ्याबद्दल बोलतो त्या सुरात मी "नाही" म्हणाले. या वेळी ते खरंही होतं.

"एकच बटण गेलंय ना, मग कचरा असणार," तो म्हणाला. "लांबलांबची चार-पाच एकदम गेली असती तर काळजी होती." आत आडव्या-उभ्या रेघांचं जाळं असतं म्हणे. एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं मुकी, मग ती शेजारी असोत नसोत. साखरेच्या चहाने तेच होतं. आणि हल्ली लॅपटॉपचा कीबोर्ड बऱ्याचदा वरच्या झाकणालाच डकवलेला असतो, तेव्हा बदलायचा तर झाकणासकट.

त्याने प्लॅस्टिकची चपटी पट्टी कडेखाली सरकवून बटणाची टोपी टक्कन उचलली. खाली पांढरी, नखाएवढी कात्री, म्हणजे बटण वरखाली करणारी बिजागरी. तिच्या मधोमध रबराची इवलीशी वाटी. बोट पडलं की ती वाटी दबते, तिच्याखालचे दोन पापुद्रे टेकतात आणि अक्षर उमटतं. बस, एवढाच कारभार. कात्रीच्या खाचेत एक काळा, गोल, गुळगुळीत दाणा बसला होता. त्याने तो चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

मोहरी. दिवाळीच्या चिवड्यातली, माझ्याच हातच्या फोडणीची. तडतडायची राहून गेलेली.

"पैसे नकोत," तो म्हणाला, "पण मॅडम, लॅपटॉपवर फराळ नका करू."

घरी येऊन पहिलं काम केलं. ‘शुद्धिपत्र: पूर्णच्या जागी अपूर्ण वाचावे.’ शुद्धिपत्रातला ‘द्धि’सुद्धा पहिल्या फटक्यात आला. काकूंचा लगेच मेसेज, "वाचलं. पण ओघळ अजून आहे."