फुटूनही शाबूत राहिलेला पेला

रात्री रेंडर (थ्रीडी दृश्याची शेवटची चित्रं संगणकाकडून काढून घेणं) लावून झोपलो. दहा सेकंदांचा शॉट, सेकंदाला २४ च्या हिशेबाने २४० फ्रेम. काचेचा पेला टेबलावरून पडतो आणि ७३व्या फ्रेमला फुटतो, एवढंच. सकाळी बघतो तर तुकडे छान विखुरलेले आणि त्यांच्या मधोमध अख्खा पेला, एक ओरखडाही नाही!

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे काम करतानाच्या खिडकीत, मात्र सगळं बरोबर दिसत होतं. घोडं पेंड खात होतं ते आउटलायनरमध्ये, म्हणजे दृश्यातल्या वस्तूंच्या यादीत. तिथे डोळा, मॉनिटर आणि कॅमेरा अशी तीन चिन्हं असतात. डोळा फक्त काम करताना वस्तू बाजूला सारायला, त्याला कीफ्रेम (अमुक फ्रेमला अमुक किंमत अशी खूण, थोडक्यात 'की') देताच येत नाही. मॉनिटर व्ह्यूपोर्टपुरता, कॅमेरा रेंडरपुरता. या दोन्हींवर माउस नेऊन 'आय' दाबलं की कीफ्रेम बसते. मी मॉनिटरला की दिली आणि कॅमेऱ्याला विसरलो. (मॉनिटरचं चिन्ह आउटलायनरच्या फिल्टरमधून आधी दिसतं करावं लागतं, हे शोधण्यातच माझी पहिली संध्याकाळ गेली होती.)

की एकच दिली तरी फसगत. ७३ला 'लपव' म्हटलं की आधीच्या ७२ फ्रेमही लपतात, कारण त्याला अडवणारी दुसरी कीच नसते. म्हणून ७२ला दिसतोय आणि ७३ला लपला, अशा दोन कीज हव्यात. शिवाय ब्लेंडरमधली किंमत 'लपवण्याची' आहे, १ म्हणजे गायब. माया या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उलटं, तिथे १ म्हणजे हजर. दोन्हींत काम करणाऱ्याचं डोकं फिरणारच.

पेला एक, तुकडे चाळीस. सगळे एका कलेक्शनमध्ये (गटात) ठेवले तरी कलेक्शनच्या दिसण्याला की देता येत नाही. मग एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी रिकामी वस्तू) ठेवली, तिला 'फुटला' नावाची कस्टम प्रॉपर्टी (आपण स्वतः जोडलेली किंमत) दिली, ७२ला ०, ७३ला १. पेल्याच्या मॉनिटर आणि कॅमेरा या दोन्ही चिन्हांवर तिचा ड्रायव्हर (एका किमतीवरून दुसरी आपोआप ठरवणारी जोडणी), तुकड्यांवर तोच उलटा करून, म्हणजे एकातून वजा. चाळीस वेळा चिकटवत बसण्यापेक्षा पायथन कोडच्या पाच-सहा ओळी लिहिल्या. आता फुटण्याची वेळ बदलायची तर एकाच ठिकाणी हात लावायचा.

स्केल (आकारमान) शून्य करून वस्तू गायब करायची युक्ती अजून बरेच जण वापरतात. मला ती पटत नाही. मोशन ब्लर (हलत्या वस्तूचा धूसरपणा) चालू असला की फ्रेमच्या अलीकडचा-पलीकडचा क्षणही चित्रात मिसळतो, आणि आकसणाऱ्या वस्तूचा फराटा उमटू शकतो.

दुसऱ्या रात्री शहाणपणा करून ७० ते ७६ एवढ्याच फ्रेम काढल्या. ७३ला पेला गेला, तुकडे आले, एकही फ्रेम रिकामी नाही. फक्त आतलं पाणी पेल्याच्या आकारात तसंच अधांतरी उभं. पाणी पेल्याचं चाइल्ड होतं, म्हणजे पेल्याला (पेरेंटला) जोडलेलं, त्याच्याबरोबर हलणारं, पण ब्लेंडरमध्ये पेरेंट लपवला म्हणून चाइल्ड लपत नाही. उठलो, पाण्यालाही ड्रायव्हर लावला.