त्यांनी पण लिहिलंच ना?

“काका, त्यांनी पण भिंतीवरच लिहिलंय ना?”

नाशिकच्या पांडवलेण्यात बदाम काढून त्यात किल्लीने नाव कोरणाऱ्या पोराला हटकलं, तर हे उत्तर. वर ब्राह्मी अक्षरं, खाली हा.

चिडलो खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना. दहाव्या लेण्यातला उषवदाताचा (क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा) लेख म्हणजे चक्क ठेवीचा कागद आहे. विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी), दरमहा शेकडा एक व्याज, त्यातून भिक्षूंना वस्त्रं. म्हणजे ते टाइमपास म्हणून लिहिलेलं नाही.

पण मग मध्य प्रदेशातलं भीमबेटका आठवलं. तिथे छिन्नी लागलीच नाही. आपल्या काळ्या बेसॉल्टसारखा तो दगड नाही, विंध्यातला वालुकाश्म. ऊनपावसाने झिजून आपोआप आडोसे तयार झाले, माणसं येऊन राहिली. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ वाकणकरांचं त्यांकडे लक्ष गेलं. गेरूने, पांढऱ्याने काढलेले प्राणी, शिकारी, नाच. आणि गंमत म्हणजे एकाच कातळावर वेगवेगळ्या काळातली चित्रं, एकावर एक. आधीचं न पुसता, न विचारता, बिनधास्त वरून काढलेली!

तिथे मला कौतुक वाटतं, इथे संताप येतो. का, ते कुणी नीट सांगू शकेल?