विकता न येणाऱ्या गुंतवणुकीची वाटणी

घटस्फोटात घर, ठेवी, गाडी यांच्या वाटणीचं आमचं लवकर मिटलं. अडलं ते दोन गोष्टींवर: नवऱ्याच्या नावावरचा एका खाजगी फंडातला हिस्सा आणि माझे लग्नाआधीचे पैसे.

असा फंड साधारण दहा वर्षं पैसे अडकवून ठेवतो. मधेच बाहेर पडायचं तर फंडाची परवानगी लागते, आणि गिऱ्हाईक मिळालंच तरी ते भाव पाडून मागतं. स्टेटमेंटवरचा आकडा फंडवाल्यांच्याच मूल्यांकनाचा, तोही काही महिने जुना. हिस्सा ज्याच्याकडे राहणार त्याला तो फुगवलेला वाटतो, दुसऱ्याला कमी. आमच्या दोन मूल्यांकनकारांच्या अहवालांत जमीन-अस्मानाचा फरक होता आणि कारणं दोघांचीही पटण्यासारखी होती. शिवाय कर. वीसला घेतलेला हिस्सा आज शंभराचा असेल, तर विकताना ऐंशीच्या नफ्यावर कर लागू शकतो. तो हिस्सा घेणारा आणि रोख शंभर घेणारा बरोबरीत नसतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की आजची किंमत ठरवायच्या फंदात पडूच नये. फंडातून पैसे येतील तेव्हा, येतील तेवढे, कर वजा करून ठरलेल्या टक्क्यांनी वाटावेत. आम्ही तेच केलं. यात वर्षानुवर्षं एकमेकांशी हिशेबापुरता संबंध उरतो. ज्या घरात भीती किंवा मारहाण आहे, तिथल्या बाईनं थोडं कमी घ्यावं पण मोकळं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या वाटणीच्या मसुद्यात एक कलम नव्हतंच, माझ्या सीएनं त्यावर बोट ठेवलं: कॅपिटल कॉल. कबूल केलेल्या रकमेतला उरलेला भाग फंड पुढे ठरलेल्या मुदतीत केव्हाही मागू शकतो, आणि वेळेत भरला नाही तर फंडाच्या करारानुसार हिस्सा जप्तही होऊ शकतो. तो भरायचा कोणी? दोघांनी, त्याच टक्क्यांनी. जो भरणार नाही त्याचा पुढचा वाटा त्या प्रमाणात घटेल. हे शब्द करारनाम्यात आल्यावरच मी सही केली.

लग्नाआधीच्या पैशांबाबत कायदा जागेगणिक बदलतो. कॅलिफोर्नियात अशा पैशांवरचं व्याजही ज्याचं त्याचं राहतं, टेक्सासमध्ये लग्नानंतर आलेलं व्याज दोघांचं धरतात. पुरावा मात्र सगळीकडेच लागतो. मला तारलं ते लग्नाच्या महिन्याच्या स्टेटमेंटनं. माझे ते पैसे कुठल्या फंडात होते आणि त्याची किती युनिट, म्हणजे हिस्से, होती ते त्यात होतं. बँका जुने कागद कायम ठेवत नाहीत, म्हणून वेगळं व्हायचा विचार मनात आला की पहिल्यांदा ते काढून घ्या.

त्यातले काही पैसे जॉइंट खात्यात गेले होते आणि घरखर्चात मिसळले. त्यांचा माग लागेना, तेवढ्यावरचा दावा मी सोडला. उरलेल्या युनिटांवरची वाढ मात्र सोडली नाही. लग्नानंतर त्यात कुणी एक पैसाही घातला नव्हता. वाढ झाली ती बाजारामुळे. तेच एखाद्या धंद्यात दोघांनी राबून किंमत वाढवली असती, तर त्या वाढीत त्याचा वाटा मी स्वतःहून मान्य केला असता.