भायखळा : गजर म्हणून ओळखीचं स्टेशन

डोंबिवली ते फोर्ट ये-जा करण्यात माझी सतरा वर्षं गेली. एवढ्या वर्षांत भायखळा माझ्यासाठी फक्त गजर होता. फास्टमध्ये दादरनंतर जेमतेम डुलकी लागते, तेवढ्यात 'पुढील स्टेशन, भायखळा' ऐकू येतं. मग रॅकवरची बॅग काढायची, सीटखाली गेलेली चप्पल पायाने ओढायची. उतरण्याची वेळ कधी आलीच नाही.

गेल्या रविवारी आली, भाचीमुळे. राणीबागेतले पेंग्विन दाखवायचं कबूल करून बसलो होतो. गाडीतून उतरून पुलाकडे वळलो तर ही जागची हलेना. स्टेशनच्या काळ्या दगडी इमारतीकडे बोट दाखवून म्हणाली, "मामा, ही शाळा आहे का?"

शाळा नाही गं, पण वयाने तुझ्या शाळेच्या पणजीची पणजी. १८५३ साली बोरीबंदर–ठाणे गाडी सुरू झाली तेव्हा इथे साधं लाकडी स्टेशन होतं. ही दगडी इमारत १८५७ची. तेव्हा बोरघाटात रेल्वे चढली नव्हती, ती चढली १८६३ साली. आणि ज्याच्यासमोर अख्खं जग फोटो काढतं ते आपलं सीएसएमटी १८८८ साली पूर्ण झालं. म्हणजे थोरली बहीण भायखळा, कौतुक मात्र धाकटीचं! त्याहीआधी, १८५२ साली, रूळ टाकण्याच्या कामाला आणलेलं इंजिन याच भागात धावत होतं. नाव फॉकलंड, तेव्हाच्या गव्हर्नराचं.

मधल्या काळात या दगडावर ऑइलपेंटची पुटं इतकी चढली की खाली दगड आहे हेच लोक विसरले. काही वर्षांपूर्वी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली ती खरवडून काढली, नक्षीचे लोखंडी ब्रॅकेट मोकळे केले. २०२२ साली काम पुरं झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. मी भिंतीला हात लावून पाहिला. बाहेर ऊन रणरणत होतं, दगड मात्र माठासारखा गार. भाचीने तर गालच टेकवला. शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "सरका जरा, वारा अडतोय."

पेंग्विन झाले. काचेपुढची गर्दी बघता पेंग्विनच आम्हाला बघत असावेत. बागेतच असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे, भाचीला तोच जास्त आवडला. हा हत्ती तिथून उचलून आणला, म्हणूनच इंग्रजीत घारापुरीला एलिफंटा म्हणतात का, असा तिचा प्रश्न. नाही, हत्ती तिथे होता म्हणून ते नाव पडलं, एवढं सांगून सुटलो.

सोमवारी नेहमीची फास्ट. भायखळा आलं तशी मान वाकवून खिडकीबाहेर बघायला गेलो. मध्ये चौथ्या सीटवरच्या काकांचा डबा, दारातल्यांच्या पाठी आणि कुणाची तरी ओली छत्री. इमारत काही दिसली नाही. चप्पल शोधली.