भिगवणचे पाणी, कडबनवाडीचे माळरान आणि ट्रायपॉडचे हेड

पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी कुंभारगावला आम्ही जानेवारीत गेलो आणि येताना कडबनवाडीचे माळरान पाहिले. हा वृत्तांत मुख्यतः ट्रायपॉडच्या हेडविषयी, म्हणजे त्याच्यावर बसवून कॅमेरा-लेन्स धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या भागाविषयी आहे, कारण १५०-६०० मिलिमीटरसारखी, दोन किलोंच्या आसपास वजनाची लेन्स नेणाऱ्यांची खरी अडचण तिथेच होते.

काठावर नदी सुरय आणि कुरव हे पक्षी सतत घिरट्या घालत असतात. तिथे बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारे हेड, उपयोगी पडत नाही. गोळा सैल केला की लेन्स एका बाजूला कोसळते, प्रसंगी ट्रायपॉडही कलंडतो. घट्ट केला तर पक्ष्यामागे वळता येत नाही. गिंबल हेड लेन्सला तिच्या गुरुत्वमध्याशी तोलून धरते, त्यामुळे एका बोटाने लेन्स फिरते आणि हात सोडला तरी आहे तिथेच थांबते. मात्र हा तोल प्रत्येकाने स्वतः साधावा लागतो. प्रथम ट्रायपॉडचा माथा समपातळीत आणावा, नाहीतर लेन्स फिरवताना क्षितिज तिरके होत जाते. मग हूड (लेन्सपुढची सावलीची नळी) लावून, ज्या फोकल लांबीवर काम करायचे ती ठेवून, लेन्सच्या बुडाची, हेडच्या पकडीत बसणारी पट्टी पुढे-मागे सरकवावी आणि लेन्स आडवी स्थिर राहील तिथे आवळावी. त्यानंतर लेन्स वर झुकवून सोडावी: ती आणखी झुकत गेली तर वजन झुकण्याच्या अक्षाच्या वर आहे, म्हणून हेडची, लेन्स जिच्यावर टेकते ती बैठक खाली घ्यावी; ती आपोआप आडवी झाली तर बैठक वर घ्यावी. झूम करताना नळी बाहेर येणाऱ्या लेन्समध्ये हा तोल बिघडतो, म्हणून मी ६०० मिलिमीटरवरच तोल साधते आणि पट्टीवर खूण करून ठेवते. पट्टीच्या दोन्ही टोकांचे सुरक्षा-स्क्रू कधीही काढू नयेत.

नावेत चित्र वेगळे असते. तीन पाय पसरायला जागा नसते आणि इंजिनाची थरथर थेट लेन्सपर्यंत चढते. मोनोपॉडवर (एकाच पायाच्या आधारावर) केवळ पुढे-मागे झुकणारे टिल्ट हेड मला तिथे सर्वांत सोयीचे वाटले. नावाड्याला इंजिन बंद करून बांबूने नाव रेटायला सांगावे. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा माना उंचावून चालू लागला की जागीच थांबावे. त्यांना उडवून छायाचित्र घेण्याचा आग्रह कुणीही धरू नये.

कडबनवाडीत प्रवेशाची परवानगी वनविभागाकडून आधी घ्यावी. चिंकारा गाडीतून पाहायचे असल्याने खिडकीवर दाण्यांनी भरलेली पिशवी, म्हणजे बीन बॅग पुरते, हेडची गरजच उरत नाही. ज्यांना चलचित्रण करायचे आहे त्यांनी फ्लुइड हेड घ्यावे, कारण त्याच्या आतला दाट द्रव हालचाल एकसारखी ठेवतो. उडत्या पक्ष्यासाठी मात्र ते जड पडते.

चिखलात उभे राहायचे असल्यास ट्रायपॉडचा सर्वांत खालचा टप्पा आधी उघडावा, म्हणजे सांध्यांत गाळ शिरत नाही. मधला दांडा वर काढू नये, त्याने थरथर वाढते.

गिंबल विकत घेण्यापूर्वी पुण्यात ते भाड्याने घ्यावे, आपल्या लेन्सची पट्टी त्याच्या पकडीत नीट बसते का ते पाहावे आणि पाषाण तलावावर एक सकाळ उडत्या बगळ्यांवर सराव करून मगच भिगवणला जावे.