पाचही दिवस सारखेच का थकायचे?

"आठवड्यातले पाच दिवस सायकल चालवतो, तरी सिंहगडाच्या घाटात माझी वेळ वर्षभर तिथेच का अडकली आहे?" हा प्रश्न मला रविवारी पायथ्याच्या चहाच्या टपरीवर हमखास विचारला जातो. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

सोप्या दिवशी तुम्ही पुरेसे हळू चालवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेकांचे पाचही दिवस धड संथ नसतात आणि धड जोराचेही नसतात. घाम निघतो, समाधान मिळते, पण खऱ्या मेहनतीच्या दिवशी पाय आधीच जड झालेले असतात. स्टीफन सायलर या अभ्यासकाने अव्वल दर्जाच्या दमश्वासाच्या खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे सोप्या गतीची असल्याचे दिसले. संथ गतीने तासन् तास पॅडल मारल्याने स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याची क्षमता सुधारते आणि साठवलेली साखर शेवटच्या चढासाठी शिल्लक राहते. संथ म्हणजे किती, तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतके. खडकवासल्याच्या रस्त्यावर कोणी मागून येऊन पुढे गेले, तर त्याला जाऊ द्यावे. मला हे जमायला दोन वर्षे लागली.

जोराचे दिवस आठवड्यात दोनच ठेवा. मी घाटात आठ मिनिटांच्या चार फेऱ्या करतो आणि प्रत्येक फेरीनंतर उतारावर चार मिनिटे पाय मोकळे करतो. पहिली फेरी सोपी वाटते आणि तिथेच घात होतो, कारण चारही फेऱ्या सारख्या जोराने पूर्ण व्हायला हव्यात. तिसऱ्या फेरीच्या पाचव्या मिनिटाला खांदे कानांकडे चढतात, मुठी आवळल्या जातात आणि पॅडल गोल फिरण्याऐवजी खाली दाबले जाऊ लागते. त्या क्षणी मी बोटे सैल सोडतो, एक गिअर हलका करतो आणि श्वास पूर्ण बाहेर टाकतो. जोर तोच राहतो, पण पायांची लय परत येते.

तीन आठवडे असा सराव झाला की चौथ्या आठवड्यात तास निम्म्यावर आणा, कारण शरीर विश्रांतीतच बळकट होते. दीड तासापेक्षा लांब फेरीत दर तासाला दोन केळी तरी खावीत.

पॉवर मीटरची, म्हणजे पॅडलवर लावलेला जोर मोजणाऱ्या उपकरणाची, घाई नको. घाटातला एक ठरलेला टप्पा, सकाळची एकच वेळ आणि एक वही एवढ्यावर प्रगती नीट मोजता येते. मात्र एप्रिलमधली वेळ डिसेंबरच्या वेळेशी ताडून खचू नका. उन्हात अंग थंड ठेवण्यासाठी बरेचसे रक्त त्वचेकडे वळते आणि तोच चढ हृदयाकडून अधिक ठोके मागतो.