एसओएस म्हणजे दुखलं तर

मंगळवार, रात्र

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं अर्धं इंग्रजी हे मुळात इंग्रजी नसतंच, लॅटिनची कापलेली शेपटं असतात ती. मेडिकलमध्ये बसून बसून आम्हाला पाठ झालीत, गिऱ्हाइकाला कुठून कळणार?

आज परळी खोऱ्यातले एक म्हातारबाबा आले होते, सोबत अकरावीतला नातू. गुडघेदुखीच्या गोळीपुढं ‘एसओएस’ वाचून पोराचा चेहराच उतरला. ‘दादा, आजोबांचं लई सिरियस हाय का ओ?’ बुडत्या जहाजाचा एसओएस त्याला माहीत होता. म्हटलं, ‘अरे, दुखलं तरच घ्यायची, न्हाईतर ऱ्हाऊ दे, एवढंच हाय त्यात.’ चिठ्ठीवरचं ते ‘सी ओपस सिट’, गरज पडली तर. गंमत अशी की जहाजाच्या एसओएसला मुळात काही अर्थच नव्हता. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. बिनतारी संदेशात चटकन ओळखू येतं म्हणून १९०६ च्या बर्लिन परिषदेत ते ठरलं. ‘सेव्ह अवर सोल्स’ लोकांनी मागनं चिकटवलं.

टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. आमच्या पेन्शनर गुरुजींना मात्र बँकेतली कपात आठवते. ‘डॉक्टरपण कापायला लागले का?’ हा विनोद ते दर महिन्याला करतात आणि मी दर महिन्याला हसतो.

इंग्रजीला ही खोडच आहे. इन्फ्लुएन्झाचा फ्लू, रेफ्रिजरेटरचा फ्रिज. आपण ते कापलेलेच उचलले, काही बिघडलं नाही. ‘स्टेट ट्रान्सपोर्टनं मेढ्याला निघालोय’ असं साताऱ्याच्या स्टँडवर कोण म्हणतंय?

इन्शुलिनपाशी मात्र माझं डोकं फिरतं. युनिटसाठी घाईत काढलेला ‘यू’ वरनं मिटला की शून्य दिसतो, १० चे १०० होतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं, म्हणजे दवाखान्यांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेनं, चिठ्ठीवर वापरू नयेत अशा खुणांची यादी २००४ मध्ये काढली, त्यात हा ‘यू’ आहे; युनिट पूर्ण लिहा म्हणतात. आपल्याकडं अजून सर्रास चालतो.

गोळ्यांचं त्या मानानं बरं. १-०-१ लिहिलं की सकाळ-रात्र, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीलाही कळतं. तरी मी पाकिटावर मार्करनं ‘जेवल्यावर’ लिहितोच.

दुकानातल्या नव्या पोराला सांगून ठेवलंय, इन्शुलिनपुढं ‘यू’ दिसला की आधी दवाखान्यात फोन, मग बिल. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे.